स्टॅक्ड लाँड्री युनिटचा टायमर बदलण्याआधी या चुका टाळा

न्यू जर्सीतील अनेक अपार्टमेंटांमध्ये वॉशर खाली आणि ड्रायर वर अशी एकाच सांगाड्यातली यंत्रे अरुंद कपाटात बसवलेली असतात. ओळखीतल्या मराठी घरांमधली ही यंत्रे मी बरीच वर्षे दुरुस्त करीत आलो आहे, आणि निरोप बहुतेक वेळा ठरलेला असतो : "टायमर गेलाय, नवा मागवलाय, तेवढा बसवून द्या." शंभर डॉलरहून अधिक किमतीचा हा सुटा भाग मागवण्यापूर्वी कोणी वीज व रोध मोजणारा मल्टिमीटर हातात घेतलेला नसतो. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा हा प्रकार आता पाहवत नाही, म्हणून हे लिहीत आहे.

टायमर पुढे सरकत नाही एवढ्यावरून तो बिघडला असे ठरवणे, ही सर्वांत मोठी चूक. डायल फिरवून लावायच्या टायमरमध्ये १२० व्होल्टवर चालणारी एक लहानशी मोटर असते. ती दातेरी चाकांच्या साह्याने कॅम नावाची चकती सावकाश फिरवते आणि कॅमच्या उंचसखल कडांमुळे आतल्या धातूच्या पट्ट्या एकमेकींना टेकतात किंवा सुटतात, म्हणजे यंत्राच्या भागांची वीज चालू-बंद होते. या मोटरला सगळा वेळ वीज मिळत नाही. ड्रायर 'ऑटो ड्राय'वर, म्हणजे कपडे सुकले की आपोआप थांबेल असा लावला असेल, तर पुष्कळ मॉडेलांत हीटर चालू असताना टायमरची मोटर थांबलेली असते. हवा पुरेशी तापून तापमानावर चालणाऱ्या थर्मोस्टॅट स्विचने हीटर बंद केला की मगच ती फिरते. कपडे ओले असतात तोवर हीटर जास्त वेळ चालतो आणि टायमर थोडाच सरकतो. कपडे सुकत आले की तो भराभर पुढे जातो. साहजिकच, हीटर तापलाच नाही तर नवाकोरा टायमरही जागचा हलणार नाही.

एडिसनमधल्या एका काकूंकडे नेमके हेच घडले होते. "अरे, चार तास झाले, ड्रम फिरतोय, काटा तिथल्या तिथे, आणि कपडे गार ते गारच," असे त्या म्हणाल्या. त्यांच्या मुलाने नवा टायमर स्वतः बसवला होता, तोही सरकेना म्हणून सदोष ठरवला होता आणि दुसरा मागवला होता. खालचा वॉशर उत्तम चालत असल्यामुळे विजेचा संशय कोणालाच आला नव्हता. मी डायल 'टाइम्ड ड्राय'वर, म्हणजे फक्त वेळेवर चालणाऱ्या प्रकारावर, ६० मिनिटांना लावला आणि घड्याळ पाहत बसलो. दहा मिनिटांत काटा बरोबर दहा मिनिटे सरकला. टायमर ठणठणीत होता. विजेवर तापणाऱ्या अशा युनिटला १२० व्होल्टच्या दोन तारा मिळून २४० व्होल्ट मिळतात. वॉशर, ड्रम फिरवणारी मोटर आणि टायमर यांना त्यांपैकी एक तार व न्यूट्रल (परतीची तार) पुरते, हीटरला मात्र दोन्ही तारा लागतात. त्यामुळे फक्त हीटरला लागणारी दुसरी तार तुटली तरी वरकरणी सगळे चालू दिसते. प्लग काढून मागची पट्टी उघडली, तेव्हा जाड केबल जिथे जोडलेली असते त्या टर्मिनल ब्लॉकवरचा एक स्क्रू सैल होता, त्याखालच्या तारेचे आवरण तपकिरी पडून कडक झाले होते आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास येत होता. ब्लॉक आणि केबल बदलल्यावर यंत्र सुरू झाले. काकू कपडे गार असल्याचे पहिल्याच वाक्यात सांगत होत्या. ते कोणी ऐकले असते, तर दोन टायमरचे पैसे वाचले असते.

वॉशरच्या बाबतीतही टायमर पुष्कळदा केवळ वाट पाहत असतो. अनेक यंत्रांत टबमध्ये ठरलेल्या पातळीपर्यंत पाणी भरून ती पातळी ओळखणारा प्रेशर स्विच पलटेपर्यंत टायमरच्या मोटरला वीजच मिळत नाही. म्हणून पाणी भरताना काटा अडकला असेल, तर मी आधी भिंतीवरचे दोन्ही नळ पाहतो, कारण 'वॉर्म'वर (कोमट पाण्यावर) लावून गरम पाण्याचा नळ बंद ठेवणारी घरे मी अनेक पाहिली आहेत. नंतर पाण्याच्या पाइपांच्या टोकाच्या जाळ्या गाळाने भरल्या आहेत का ते पाहतो आणि शेवटी टबपासून प्रेशर स्विचपर्यंत जाणारी हवेची बारीक नळी तपासतो. ती निसटली किंवा चिरली, तर टब काठोकाठ भरला तरी स्विचला ते कळत नाही.

स्पिनच्या आधी यंत्र थांबत असेल, तर झाकणाचा स्विच तपासा. तो तारेने जोडून कायमचा चालू करून टाकण्याची क्लृप्ती मला मुळीच मान्य नाही. वेगाने फिरणाऱ्या टबमध्ये लहान मुलाचा हात जाऊ नये, यासाठीच तो स्विच असतो.

डायल उलटा फिरवू नका. नॉब फिरतो पण काटा हलत नाही, असे असेल तर नॉब उपसून त्याचे भोक तडकले आहे का ते पाहा. नवा नॉब थोडक्यात मिळतो.

डायल 'ऑफ'वर आहे म्हणून वीज बंद आहे असे समजणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते. टायमरपर्यंत येणारी तार तेव्हाही जिवंत असते. प्लग जड यंत्रामागे आहे म्हणून तो न काढता काम उरकू नका; ब्रेकर पाडा आणि तरीही मल्टिमीटरने खात्री करून घ्या. यंत्र ओढायला दोन माणसे लागतात, आणि परत ढकलताना ड्रायरची हवा बाहेर नेणारी नळी चेपणार नाही हे पाहावे लागते, कारण ती चेपली की कपडे सुकायला फार वेळ लागतो आणि पुन्हा दोष टायमरवरच येतो.

एवढे पाहूनही संशय उरला, तर वीज तोडून टायमरच्या मोटरच्या दोन्ही तारा सोडवा आणि रोध मोजा. बहुतेक मोटरांत तो दोन ते तीन हजार ओहमच्या आसपास येतो. काहीच आकडा आला नाही, तर गुंडाळी तुटलेली आहे. कनेक्टरची एखादी पिन काळवंडली असेल, तर आतला संपर्क जळलेला असू शकतो. अशा वेळी टायमर खुशाल बदला, मात्र दिसण्यावरून नव्हे, तर यंत्राच्या पट्टीवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक अक्षरांसकट उतरवून तो मागवा. बसवताना मी नवा टायमर जुन्याशेजारी धरतो आणि एकेक तार इकडून काढून तिकडे लावतो. सगळ्या तारा एकदम उपटून मग रंग आठवत बसणाऱ्यांची यंत्रे मला नंतर पुन्हा उघडावी लागली आहेत.