शिक्षकांना ट्रेनिंग द्यायचं काम करायचंय? मग वर्गात मागच्या बाकावर बसायची तयारी ठेवा

शाळेत काही वर्षं शिकवून झालेल्या बऱ्याच जणांना पुढे विकसनशील देशांत जाऊन शिक्षकांना ट्रेनिंग द्यायचं काम खुणावतं, आणि मला कोणी विचारलं तर मी सरळ सांगते की या, माणसं कमी पडतायत. युनेस्कोच्या २०२३ च्या अंदाजाप्रमाणे २०३० पर्यंत जगाला प्राथमिक आणि माध्यमिक मिळून ४.४ कोटी नवे शिक्षक लागणारेत, त्यातले साधारण दीड कोटी सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत. पण नुसते शिक्षक नेमून भागत नाही, कारण जागतिक बँक, युनिसेफ वगैरेंच्या २०२२ च्या अंदाजानुसार कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहा वर्षांच्या सुमारे ७० टक्के मुलांना साधा मजकूर वाचून कळत नाही. यातली खूप मुलं रोज शाळेत जातात, म्हणजे तुमचं काम आहे ते इथे.

आता प्रत्यक्षात काय चालतं ते सांगते. सगळ्यात जास्त वापरली जाणारी पद्धत म्हणजे कॅस्केड. राजधानीतल्या हॉलमध्ये मास्टर ट्रेनर तयार करायचे, त्यांनी जिल्ह्यातल्या लोकांना शिकवायचं, त्यांनी पुढच्यांना, असं करत करत शेवटी वर्गात उभ्या राहणाऱ्या शिक्षकापर्यंत पोचायचं. कमी पैशात हजारो लोक कव्हर होतात म्हणून सरकारांना आणि डोनरना ती आवडते. अडचण अशी की दर पायरीला थोडं थोडं गळत जातं, वर पाच दिवस चाललेलं सेशन खाली येईपर्यंत एका दिवसाचं होतं, डेमो आणि सराव हमखास कापला जातो आणि उरतात स्लाइड्स. रिपोर्टमध्ये मात्र "इतके शिक्षक प्रशिक्षित" असा आकडा छान दिसतो. हा आकडा मला मनापासून खटकतो, त्यातून वर्गात काय बदललं याबद्दल काहीच कळत नाही.

दक्षिण आफ्रिकेत नॉर्थ वेस्ट प्रांतात २०१५-१६ मध्ये सेत्स्वाना या तिथल्या भाषेतल्या वाचनावर एक अभ्यास झाला, नवीन माणसाने तो जरूर समजून घ्यावा. काही शाळांमधल्या शिक्षकांना एकत्र बोलावून ट्रेनिंग दिलं, दुसऱ्या काही शाळांमध्ये वाचनाचे कोच दर महिन्याला स्वतः वर्गात गेले. पाठांचे आराखडे आणि साहित्य दोन्हीकडे सारखंच, तरी कोच जात होते तिथली मुलं वाचनात जास्त पुढे गेली. केनियात २०१५ पासून टुसोमे नावाचा वाचनाचा कार्यक्रम देशभर राबवला गेला, त्यातही मुलांना पुस्तकं आणि शिक्षकांना रोजच्या पाठाची मार्गदर्शिका तर होतीच, पण सरकारचेच अधिकारी टॅबलेट घेऊन शाळेत जायचे, पाठ बघायचे आणि शिक्षकाशी बोलायचे.

हे बघणं म्हणजे काय ते एका वर्गावरून सांगते. पहिलीचा वर्ग, नव्वदच्या वर मुलं, बाकावर चार-चार, पुस्तक तिघांत एक. मॅडम फळ्यावरच्या वाक्यावर छडी फिरवतायत आणि सगळा वर्ग खणखणीत आवाजात वाचतोय, ऐकून वाटतं वा काय तयारी आहे! पाठ संपायच्या आधी मी विचारलं की मधल्याच एखाद्या शब्दावर छडी ठेवून बघूया का, त्यांनी ठेवली आणि आवाज एकदम बसला, पुढच्या रांगेतली दोन-तीन मुलंच बोलत होती. बाकीच्यांना वाक्य पाठ होतं, वाचता येत नव्हतं. मॅडमनी काही न बोलता छडी दुसऱ्या शब्दावर नेली, मग तिसऱ्या, मग एकेका रांगेला विचारायला लागल्या. मी काहीच शिकवलं नव्हतं, त्यांना स्वतःलाच दिसलं! पुढच्या भेटीपर्यंत त्यांनी शब्द उलटसुलट विचारायची आणि शेजाऱ्याला वाचून दाखवायची पद्धत बसवलेली होती, आणि मला थांबवून थांबवून कुठलं मूल कुठे अडतं ते सांगत होत्या. या कामात पगारापेक्षा मोठं जे काही मिळतं ते हे आहे.

म्हणूनच शिक्षक आळशी आहेत, त्यांना फक्त भत्ता हवा असतो असलं बोलणं ऐकाल तेव्हा मान डोलावू नका. कित्येक ठिकाणी पगार महिनोन्महिने उशिरा येतो, ट्रेनिंगच्या गावाला जायचं भाडं आधी खिशातून जातं, मग भत्त्याचं विचारलं तर काय चुकलं? भत्ता किती, कधी, कोणाच्या हातून हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा, अर्धी कटकट तिथेच मिटते. भाषेचंही तसंच. ट्रेनिंग इंग्रजी, फ्रेंच किंवा पोर्तुगीजमध्ये, वर्गात मुलं बोलतात तिसरंच काहीतरी, आणि शिक्षक गप्प बसले की ट्रेनरला वाटतं त्यांना विषय येत नाही. गटचर्चा त्यांच्या भाषेत होऊ द्या, तुम्हाला कळली नाही तरी चालेल.

जाण्यापूर्वी तयारी काय करायची तर लहान मुलांना वाचन आणि गणित कसं शिकवतात ते नीट शिका, कारण सगळ्यात मोठी गरज तिथेच आहे. भारतातल्या 'प्रथम' या संस्थेची, मुलांचे गट इयत्तेप्रमाणे न करता त्यांना जेवढं येतं त्याप्रमाणे करायची पद्धत समजून घ्या, झांबियात सरकारने तीच 'कॅच अप' नावाने तिसरी ते पाचवीसाठी घेतली. पाठ बघताना शिक्षक काय करतायत यापेक्षा मुलं काय करतायत ते लिहायची सवय लावा. आणि साहित्य असं बनवा जे वीज आणि इंटरनेट नसताना, खडू आणि फळ्यावर चालेल.

नोकरीच्या मुलाखतीत तुम्हीही प्रश्न विचारा. ट्रेनिंगनंतर शाळेत कोण जातं, वर्षातून किती वेळा, त्याच्या प्रवासाचे पैसे बजेटमध्ये आहेत का, आणि प्रोजेक्ट संपल्यावर हे काम सरकारातला कुठला माणूस करणार. उत्तरं गोलगोल आली तर दुसरी संस्था बघा, आणि वर्गात जाणारे कोच नेमणारी संस्था मिळाली तर पगार थोडा कमी असला तरी सुरुवात तिथूनच करा.