बाओ, डंपलिंग आणि आशियाई खाणावळी: या चुका टाळा

बाओच्या, म्हणजे वाफवलेल्या चिनी बनच्या दुकानात होणाऱ्या बहुतेक चुकांच्या मुळाशी दोनच गोष्टी असतात. वाफेवरून उतरलेला बन जेमतेम दहा मिनिटं त्याच्या खऱ्या चवीचा असतो, हे आपण विसरतो. आणि आत काय भरलंय ते बाहेरून दिसत नसतानाही विचारायचा कंटाळा करतो. मग कुणाचं तोंड पोळतं, कुणाची पारी फाटते, तर कुणाला अर्धा बन संपल्यावर कळतं की सारणात डुकराची चरबी आहे.

सूप डंपलिंग अख्खं तोंडात टाकणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. शांघायकडच्या शाओलोंगबाओत सूप असतं, पण ते कुणी ओतून भरत नाही. डुकराची कातडी तासन्‌तास उकळून केलेला रस थंड झाला की जेलीसारखा घट्ट होतो. ही जेली बारीक चिरून खिम्यात मिसळतात. टोपली वाफेवर चढली की ती आतल्या आत विरघळते. म्हणजे पातळ पारीच्या आत जवळपास उकळता रस कोंडलेला असतो. तो एका घासात तोंडात फुटला, तर उरलेल्या जेवणात जिभेला काही चव लागत नाही.

खायची पद्धत सोपी आहे, फक्त घाई नको. टोपलीचं झाकण आपल्या तोंडापासून लांब कलतं करून उघडा, पहिली वाफ जाऊ द्या. चॉपस्टिक्सनी डंपलिंग वरच्या कळ्यांशी धरा. कळ्या एकत्र पिळल्यामुळे पारी तिथेच सगळ्यात जाड असते. तैवानच्या दिन ताय फुंग या रेस्टॉरंट साखळीच्या डंपलिंगवरच्या १८ कळ्यांचं फार कौतुक होतं, पण खाणाऱ्याच्या दृष्टीने त्या म्हणजे धरायची मूठ. किंचित हलवून बूड सुटलं की खाली चमचा धरा, डंपलिंग त्यात टेकवा आणि बाजूला दातांनी बारीकसं भोक पाडा. आधी वाफ निघेल, मग रस चमच्यात उतरेल. तो फुंकून प्या. त्यानंतर आल्याचे दोन-चार काप आणि काळ्या व्हिनेगरचे थेंब घालून उरलेलं खा. सोबत दिलेल्या वाटीत सोया सॉस भरभरून ओतू नका. सारण आधीच खारट असतं, त्याला हवा असतो आंबटपणा.

एवढं करूनही पारी फाटत असेल तर कारण बहुधा पुढच्यापैकी एक असतं. डंपलिंग पोटाशी धरलेलं असतं, किंवा फोटो काढण्यात टोपली निवत गेलेली असते आणि बूड खालच्या कागदाला किंवा कापडाला घट्ट चिकटलेलं असतं. चिकटलेलं डंपलिंग वर खेचू नका, चमच्याच्या कडेने बाजूने सोडवा. टोपली येताच सगळीच फाटलेली दिसली, तर चूक तुमची नाही. निःसंकोच परत पाठवा.

याच कुळातले दोन पदार्थ आणखी फसवे. शेंगजियानबाओ तळाला तव्यावर कुरकुरीत केलेला असतो. त्याला जोरात चावलं की रस समोरच्याच्या सदऱ्यावर. दुसरा लिउ शा बाओ, ज्यात खारवलेल्या अंड्याच्या बलकाचं गोड, वाहतं कस्टर्ड असतं. बाहेरचा पाव हाताला कोमट लागतो म्हणून आतलं कस्टर्डही निवलं असेल असं समजू नका. हाताने दोन भाग करून मिनिटभर थांबा. जिआंग्सू प्रांतात तर बशी भरेल एवढा मोठा सूप बाओ मिळतो आणि सोबत स्ट्रॉ देतात. तिथेही पहिला घोट सावकाशच.

आणि हो, बनच्या बुडाला कागद असतो. तो सोलून काढायचा असतो. हे सांगावं लागतं, कारण पांढऱ्या बनला चिकटलेला पांढरा कागद खरंच दिसत नाही.

"व्हेज आहे का?" एवढंच विचारणं

शाकाहारी माणसाची इथे सगळ्यात जास्त फसगत होते, आणि त्यात दुकानदार खोटं बोलतोच असं नाही. त्याच्या लेखी भाजीचा बन म्हणजे ज्यात भाजी मुख्य आहे तो. चवीला सुकी कोळंबी किंवा थोडा खिमा असला तरी तो भाजीचाच. बनच्या पिठात डुकराची चरबी घालण्याची रीतही जुनी आहे, त्यामुळे सारण निर्धोक असलं तरी पाव तसा असेलच असं नाही.

बनपुरतंच हे नाही. डिमसममधल्या, म्हणजे दक्षिण चीनच्या कँटोनीज पद्धतीत चहाबरोबर खायच्या छोट्या पदार्थांमधल्या, मुळ्याच्या केकमध्ये सहसा चिनी सॉसेज आणि सुकी कोळंबी असते. मापो टोफू या टोफूच्या तिखट पदार्थात पारंपरिकपणे खिमा असतो. हिरव्या भाजीवरचा चकचकीत सॉस बहुतेकदा ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा सॉस निघतो. जपानी मिसो सूपचा पाया असलेल्या दाशी नावाच्या रश्श्यात सहसा सुकवलेला बोनिटो मासा असतो. कोरियन किमचीत बहुतेक वेळा खारवलेली कोळंबी किंवा फिश सॉस असतो, आणि थाई-व्हिएतनामी स्वयंपाकघरात तर फिश सॉस मिठाच्या जागी वापरतात. "मांस काढून द्या" म्हटल्यावर वरचे तुकडे जातात, रस्सा हाडांचाच राहतो.

म्हणून प्रश्न मोघम नको, एकेका जिन्नसाचं नाव घेऊन विचारा: डुकराचं मांस आहे का? चरबी? कोळंबी? फिश सॉस? अंडं? भाषेची अडचण असेल तर हीच यादी तिथल्या भाषेत लिहून फोनवर ठेवा. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे बौद्ध शाकाहारी खाणावळ. चीन-तैवानमध्ये 'सू', व्हिएतनाममध्ये 'चाय' आणि थायलंडमध्ये 'जे' या शब्दांवरून ती ओळखता येते. कडक पाळणाऱ्या ठिकाणी कांदा-लसूणही नसतो. मात्र तैवानच्या काही शाकाहारी पदार्थांत अंडं आणि दूध चालतं, ते वेगळं विचारावं लागतं.

पाळणं फारच कडक असेल तर टोपल्या एकावर एक रचलेल्या असतात हेही ध्यानात घ्या. वरच्या टोपलीतला रस खालच्या टोपलीत ठिबकू शकतो.

ज्यांना फक्त डुकराचं मांस वर्ज्य आहे त्यांना चिनी मुस्लिम खाणावळी सोयीच्या. चीनमधल्या लानझोऊ शहराच्या पद्धतीच्या नूडल्सची दुकानं बहुधा अशीच असतात. पण तिथे गोमांस आणि मेंढीचं मांस सर्रास असतं, त्यामुळे गोमांस न खाणाऱ्याने उलटीच काळजी घ्यायची.

ॲलर्जी असणाऱ्यांनी तीन गोष्टींवर खास लक्ष ठेवावं. नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो. तैवानी ग्वा बाओवर, म्हणजे मध्ये मांस घालून दुमडलेल्या बनवर, शेंगदाण्याचा कूट भुरभुरलेला असतो. आणि तिळाचं तेल सगळं झाल्यावर वरून घालतात, त्यामुळे मेन्यूत त्याचा उल्लेखही नसतो.

दोष नसलेल्याला दोष समजणं, आणि खऱ्या दोषाकडे काणाडोळा

भाजलेल्या डुकराच्या मांसाचा चार सिउ बाओ वरून उकललेला असतो. तो फुटला म्हणून परत करणारे लोक आहेत, पण कँटोनीज पद्धतीत तो असाच उमलायला हवा. त्यातलं लालसर सारणही कच्चं नसतं, तो रंग मॅरिनेडचा. पूर्ण कोरा, सारण नसलेला बन हातात आला तर तुम्ही बहुधा मांतोऊ मागवला आहे. तो रस्सा, तळण किंवा भाजीबरोबर खायचा असतो.

खरे दोष वेगळे दिसतात. बनवर पिवळे ठिपके असतील तर सोडा किंवा बेकिंग पावडर पिठात नीट मिसळलेली नाही. पाव दाताला चिकटत असेल, मध्येच अर्धपारदर्शक चिवट पट्टा लागत असेल, तर पीठ नीट फुगलेलं नाही किंवा बन वाफेवर फुगण्याऐवजी खाली बसला आहे. साल सुरकुतलेली, वर पाण्याचे थेंब आणि बूड लगदा झालेलं, म्हणजे तो बन सकाळपासून स्टीमरमध्ये आहे. हा शेवटचा प्रकार टाळायचा सोपा उपाय म्हणजे काउंटरवर काय हवं ते सांगण्याआधी "आत्ता कोणती टोपली उतरली?" असं विचारणं. दुसऱ्या क्रमांकाच्या आवडीचा ताजा बन पहिल्या आवडीच्या शिळ्यापेक्षा केव्हाही बरा.

वेळही पाहा. डिमसम मुळात सकाळ-दुपारचं खाणं. संध्याकाळी जाऊन अर्धा मेन्यू संपलाय म्हणून कुरकुर करण्यात अर्थ नाही.

एकदम सगळं मागवून ठेवणं

अशा ठिकाणी पदार्थ ठरलेल्या क्रमाने येत नाहीत. जो तयार होईल तो येतो. आठ टोपल्या एका दमात मागवल्या तर पाच एकाच वेळी टेबलावर आदळतात आणि निम्म्या निवून जातात. दोन माणसांनी आधी तीन-चार टोपल्या मागवाव्यात, त्या संपत आल्या की पुढच्या. डिमसमच्या टोपलीत साधारण तीन-चार नग असतात, शाओलोंगबाओच्या टोपलीत बऱ्याचदा सहा, आठ किंवा दहा. नग किती ते आधी विचारलं की टेबलावरची वाटणी सुरळीत होते.

जुन्या पद्धतीच्या कँटोनीज चहाघरात ट्रॉल्या फिरतात आणि घेतलेल्या प्रत्येक टोपलीगणिक कार्डावर शिक्का बसतो. ते कार्ड म्हणजेच तुमचं बिल, हरवू नका. चहा संपला तर हाका मारायची गरज नसते. किटलीचं झाकण तिरकं ठेवलं की वाढपी समजून जातो.

चव न घेता सॉस ओतणं

थाई नूडल्सच्या टेबलावर साखर, फिश सॉस, सुकी मिरची आणि मिरचीचं व्हिनेगर ठेवलेलं असतं. चव ज्याची त्याने जुळवायची, पण आधी एक चमचा रस्सा पिऊन. फो या व्हिएतनामी नूडल सूपलाही हाच नियम. पहिल्याच क्षणी मिरचीचा सॉस पिळला तर ज्या रश्श्यासाठी आचारी रात्रभर राबला तो गेलाच.

"अजिनोमोटो घालू नका" अशी ऑर्डर देणाऱ्यांसाठी एक सांगायला हवं. अजिनोमोटोने त्रास होतो ही भीती पसरली ती १९६८ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलेल्या एका पत्रामुळे. नंतरच्या नियंत्रित चाचण्यांत त्रासाचा ठाम, सातत्याचा पुरावा मिळाला नाही. शिवाय अजिनोमोटोतला मुख्य घटक ग्लुटामेट सोया सॉस, सुके मशरूम, कोंबू शेवाळ यांत आपसूकच असतं. पावडर टाळता येते, ग्लुटामेट नाही.

चॉपस्टिक्सचं फार दडपण घेऊ नये. बन आणि ग्वा बाओ हातानेच खायचे. थाई भात चमच्या-काट्याने खातात, तिथे चॉपस्टिक्स मागणं उगाच. फक्त भातात त्या उभ्या खोचू नका, आणि जपानी टेबलावर आपल्या चॉपस्टिक्समधला घास दुसऱ्याच्या चॉपस्टिक्समध्ये देऊ नका. दोन्ही गोष्टींचा संबंध अंत्यविधीशी आहे.

बिल पाहून चकित होणं

हाँगकाँगमध्ये माणशी चहाचे पैसे लागतात, चहा प्यायलात की नाही हा प्रश्न नसतो. सिंगापूरच्या मेन्यूत किमतीपुढे दोन अधिक चिन्हं असतील तर त्यावर १० टक्के सेवाशुल्क आणि २०२४ पासून ९ टक्के जीएसटी धरा. तिथल्या अनेक रेस्टॉरंटमध्ये न मागता आलेले ओले रुमाल आणि शेंगदाणेही बिलात येतात. नको असतील तर हात लावण्याआधीच परत करा. जपानी इझाकायात, म्हणजे दारूसोबत खाणं देणाऱ्या खाणावळीत, बसल्याबरोबर येणारी छोटी वाटीही बहुधा पैशाचीच असते. उलट कोरियन टेबलावरच्या बानचानच्या, म्हणजे तोंडी लावण्याच्या छोट्या वाट्या जेवणाच्या किमतीतच येतात आणि बहुतेक ठिकाणी पुन्हा भरूनही मिळतात. जपान, चीन, तैवान, दक्षिण कोरिया इथल्या साध्या खाणावळीत टिप ठेवायची पद्धत नाही. ठेवलीत तर वाढपी पैसे विसरलात म्हणून मागे धावत येईल.

सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे अनेक खाद्य स्टॉल एकत्र असलेल्या ठिकाणी, मोकळ्या टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं तर ती जागा कुणीतरी धरलेली आहे, कुणी विसरलेलं नाही. खाऊन झाल्यावर ट्रे स्वतः नेऊन ठेवा. सप्टेंबर २०२१ पासून तिथे याची कायद्याने अंमलबजावणी होते.

सगळंच पार्सल करता येतं असं समजणं

सूप डंपलिंगचं पार्सल घेऊ नये. घरी पोचेपर्यंत रस पारीत मुरतो, उरते ती ओलसर पिशवी. साधे बन चालतात, पण बंद प्लॅस्टिकच्या डब्यात त्यांना घाम फुटतो. झाकण जरासं उघडं ठेवा, एकावर एक रचू नका. मांसाचं सारण असेल तर बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये.

उरलेला बन फ्रिजमध्ये लवकर कडक होतो, फ्रीझरमध्ये बरा राहतो. गरम करताना न वितळवता थेट वाफेवर ठेवा, आकारानुसार दहा ते पंधरा मिनिटं. मायक्रोवेव्हच वापरायचा असेल तर ओल्या किचन पेपरात गुंडाळून अर्धा मिनिट, आणि लगेच खा, कारण निवला की तो रबरासारखा चिवट होतो. दुकानातच बन आतून थंड किंवा कच्चा लागला तर मात्र बिलाच्या वेळेपर्यंत थांबू नका. उरलेला भाग तसाच घेऊन काउंटरवर दाखवा. स्टीमर चालूच असतो, दुसरा द्यायला त्यांना मिनिटभरही लागत नाही.