फेक अकाउंट पकडायला निघालात? या चुका टाळा

ओळखीतल्या कुणाचं डुप्लिकेट प्रोफाइल निघालं की मला मेसेज येतो, "जरा बघ ना काय करता येईल". आणि तो येईपर्यंत मंडळींनी निम्मा घोळ आधीच घालून ठेवलेला असतो.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे थेट त्या अकाउंटलाच जाऊन विचारणं, की तू खरंच तूच आहेस ना? अहो, तो "हो" नाहीतर दुसरं काय म्हणणार! मैत्रिणीच्या मावशींचं असंच झालं. तोच डीपी, तेच नाव, फ्रेंडलिस्ट सगळ्यांना दिसत होती ती उचललेली, आणि एकेकाच्या इनबॉक्सात "अडचणीत आहे गं, थोडे पैसे पाठव, संध्याकाळी देते". कळल्यावर अख्खं खानदान त्या अकाउंटवर तुटून पडलं, शिव्या काय, पोलिसांच्या धमक्या काय, आणि थोड्या वेळाने ते अकाउंट दिसेनासं झाल्यावर सगळे खूश, पळाला बघ घाबरून म्हणून. पळाला कुठला! त्याने फक्त या सगळ्यांना ब्लॉक केलं होतं, मावशींना तर पहिल्या दिवसापासूनच, म्हणून तर त्यांना ते कधी दिसलंच नव्हतं. तिकडे मावशींच्या जुन्या ऑफिसातल्या बायकांना मेसेज चालूच. आता रिपोर्ट करायचा तर लिंक कुणाकडेच नाही, स्क्रीनशॉट होते पण त्यात नुसतं नाव आणि फोटो, आणि त्या नावाने सर्च केलं तर ढिगाने प्रोफाइल. शेवटी ऑफिसातल्या एकीच्या फोनवरून लिंक काढली तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली.

त्यामुळे माझी सवय एकच, तोंड बंद ठेवून आधी प्रोफाइलची लिंक कॉपी करायची. नाव आणि डीपी कधीही बदलता येतं. मग तारीख-वेळ दिसेल असे चॅटचे स्क्रीनशॉट, मग रिपोर्ट, आणि ज्याचं सोंग घेतलंय त्याने स्वतः "कुणीतरी माझं सोंग घेतलंय" हाच पर्याय निवडून करायचा. शंभर जणांनी स्पॅम म्हणून बटण दाबत बसण्यापेक्षा हे बरं. ब्लॉक सगळ्यात शेवटी. पण उतावळ्या लोकांना पहिलं ब्लॉकच सुचतं.

दुसरी लाडकी चूक: "फोटो इमेज सर्चमध्ये टाकला, काहीच सापडलं नाही, म्हणजे माणूस खरा". दुसऱ्याच कुणाच्या नावाने सापडला तर पुरावा आहे, नाही सापडला तर काहीच सिद्ध होत नाही. चोरलेला फोटो बंद प्रोफाइलमधला असू शकतो, आणि अस्तित्वातच नसलेल्या माणसांचे कॉम्प्युटरने बनवलेले चेहरे तर 2019 पासून एका क्लिकवर मिळतायत. फोटोपेक्षा मी विचारते, याला प्रत्यक्ष भेटलेलं कोण आहे? 2011 मध्ये सीरियातल्या दमास्कसमधली अमीना नावाची ब्लॉगर जगभर गाजली, तिला पळवून नेल्याची बातमी आल्यावर सुटकेसाठी मोहिमा निघाल्या, आणि निघाला कोण तर एडिनबरात शिकणारा एक अमेरिकन पुरुष. फोटो लंडनमधल्या भलत्याच बाईचे. अमीनाला भेटलेला एक माणूस कुणाला सापडेना, तिथेच बिंग फुटायला लागलं.

व्हिडिओ कॉल केला म्हणजे झालं, असंही आता म्हणू नका. 2024 मध्ये हाँगकाँगमधल्या एका कर्मचाऱ्याने कॉलवर साहेब आणि सहकारी बघून 20 कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले, आणि कॉलवरचे ते चेहरे डीपफेक, म्हणजे एआयने बनवलेले नकली होते. पैशाचा विषय निघाला की मी फोन ठेवते आणि आधीपासून सेव्ह असलेल्या नंबरवर स्वतः लावते. समोरच्याला राग आला तर येऊ दे, खरा असेल तर समजून घेईल.

बाकी किरकोळ. ट्विटरवरची (आताचं एक्स) निळी टिक 2022 च्या शेवटापासून विकत मिळते, तिच्यावर जाऊ नका. अकाउंट जुनं आहे म्हणून निर्धास्त होऊ नका, हॅक केलेली अकाउंटं जुनीच असतात. इन्स्टावर "या अकाउंटबद्दल" मध्ये बऱ्याचदा कधी उघडलं ते आणि नाव बदललंय का ते दिसतं, तिथे डोकवा. फेक प्रोफाइल ओळखून देतो म्हणत तुमचंच लॉगिन मागणारी अ‍ॅप असतात, त्यांच्या नादी लागणाऱ्यांना मी हात जोडते. आणि टोपणनावाने लिहिणारा प्रत्येक जण भामटा नसतो, त्याला उगाच उघडं पाडायला जाऊ नका.

"सावध राहा" म्हणून फेक अकाउंटवरचा फोटो गावभर फिरवणं तर अजिबात नको, त्या फोटोतल्या बाईचा काही संबंध नसतो आणि शिव्या तिलाच बसतात. पैसे गेले असतील तर आधी बँकेला फोन, लगेच, मग पोलिसांत तक्रार, आणि लाज वाटली तरी चॅट डिलीट करायचं नाही.