सॉर्बिट्रेट घरात आहे, तर ही तयारीही हवी

सुरुवात गोळ्यांच्या डब्यापासून करा. अंजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं, असलेल्या माणसाकडे बहुधा दोन वेगळ्या नायट्रेट (रक्तवाहिन्या रुंदावणाऱ्या) गोळ्या असतात आणि घरच्यांना त्या एकच वाटतात. पहिली जिभेखाली ठेवायची: सॉर्बिट्रेट, म्हणजे आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट, साधारण 5 मिलिग्रॅमची. ती विरघळते आणि काही मिनिटांत काम करते. दुसरी रोज गिळायची, मोनोट्रेटसारखी, म्हणजे आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट. ती दुखणं होऊ नये म्हणून असते. छातीत दाटून आल्यावर गिळून लगेच उपयोग होत नाही. तेव्हा पाकिटावर जाड पेनाने मराठीत लिहा, ‘दुखलं तर जिभेखाली’ आणि ‘रोजची, गिळायची’. रोजची गोळी एसआर म्हणजे सावकाश विरघळणारी असेल तर ती चावू नये, कुटू नये. सूनबाई, शेजारचे काका, कामाला येणाऱ्या मावशी, यांपैकी कोणालाही ते वाचून बरोबर पाकीट उचलता आलं पाहिजे.

मग जागा ठरवा. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि औषधं मात्र स्कूटरच्या डिक्कीत, कारमध्ये किंवा फ्रिजच्या डोक्यावर पडलेली असतात. कूलरजवळही नको, तिथे ओल असते. नायट्रोग्लिसरीनची (हीही जिभेखालची नायट्रेटच) छोटी गोळी असेल तर जास्तच जपा: ती मूळच्या काचेच्या बाटलीतच, झाकण घट्ट लावून ठेवायची. प्लास्टिकच्या डबीत काढून ठेवली की तिचा जोर जातो. एक पाकीट उशाजवळच्या टेबलावर, एक बाहेर जाताना नेण्याच्या पिशवीत. ती पिशवी उन्हात तापलेल्या गाडीत सोडून देवदर्शनाला जायचं नाही. गुढीपाडव्याला आणि दिवाळीला, घर आवरतानाच, सगळ्या पाकिटांवरच्या तारखा बघा.

रोजच्या गोळीची वेळ डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. साधी मोनोनायट्रेट दोनदा असेल तर अनेकदा सकाळी 8 आणि दुपारी 3 अशी देतात. लोक मनानेच ती सकाळ-रात्र करून टाकतात, कारण बाकीच्या गोळ्या तशाच असतात. पण सात तासांचं हे अंतर मुद्दाम ठेवलेलं असतं. शरीराला नायट्रेटची चटकन सवय होते आणि मग औषध लागू पडत नाही. पूर्वी डायनामाइटच्या कारखान्यांतल्या कामगारांचं डोकं सोमवारी ठणकायचं. आठवडाभर नायट्रोग्लिसरीनची सवय व्हायची, सुटीत ती मोडायची आणि कामावर परतलं की पुन्हा त्रास. त्याच कारणाने रुग्णाला दिवसाचे दहा-बारा तास नायट्रेटविना मोकळे ठेवतात. नायट्रेटचा पॅच (त्वचेवर चिकटवायची पट्टी) लावत असाल तर तोही बहुधा रात्री काढायचा असतो. सुरुवातीला डोकं दुखेल. ते रक्तवाहिन्या रुंदावल्यामुळे, आणि बहुतेकांचं काही दिवसांत कमी होतं. असह्य झालं तर डॉक्टरांना विचारा, मनाने एकदम गोळी बंद करू नका.

आता जी गोष्ट घरात कोणी बोलत नाही, ती. सिल्डेनाफिल, टाडालाफिल ही लैंगिक दुर्बलतेची औषधं आणि नायट्रेट एकत्र आले तर रक्तदाब इतका कोसळू शकतो की जीव जाईल. सिल्डेनाफिलनंतर किमान 24 तास आणि टाडालाफिलनंतर 48 तास नायट्रेट चालत नाही. टाडालाफिल प्रोस्टेटसाठीही देतात, सिल्डेनाफिल फुप्फुसातल्या वाढलेल्या रक्तदाबासाठी. त्यामुळे लघवीच्या त्रासाला दाखवायला जाल तेव्हा ‘मी नायट्रेट घेतो’ हे पहिलं वाक्य असू द्या. ‘ताकदीच्या’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्या-कॅप्सूलमध्ये सिल्डेनाफिल मिसळलेलं सापडलं आहे, म्हणून त्याही नकोत. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण अत्यवस्थ माणसाला अॅम्ब्युलन्समध्ये हा प्रश्न विचारतात आणि समोर मुलगी-सून असली की तो मान हलवून ‘नाही’ म्हणतो. दवाखान्यात हे एकट्याने, मोकळेपणाने सांगून फाइलमध्ये लिहून घ्या. दारूचंही विचारा, तीही रक्तदाब आणखी खाली आणते.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या आधी एकदा रक्तदाब दाखवा. घामाने पाणी कमी झालेलं, सोबत बीपीची आणि लघवी वाढवणारी गोळी, त्यावर नायट्रेट: उठताना घेरी येऊन पडणारे असेच पडतात. वरचा रक्तदाब 90 च्या खाली असेल तर जिभेखालची गोळी घेऊ नये.

प्रत्यक्ष दुखण्याची एकदा तालीम करा. छातीत दाब आला की बसायचं, उभं राहायचं नाही. तोंड कोरडं असेल तर घोटभर पाणी घ्यायचं, कारण कोरड्या जिभेखाली गोळी नीट विरघळत नाही. गोळी ठेवायची, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत कमी झालं नाही किंवा वाढलं, की अॅम्ब्युलन्ससाठी 108 ला फोन. पुढची गोळी डॉक्टरांनी सांगितलं असेल तशी. 15 मिनिटांत तीनपेक्षा जास्त नाही, आणि तिची वाट बघत फोन थांबवायचा नाही. ‘काल सावजी खाल्लं ना, गॅस झाला असन,’ हे वाक्य आपल्या घरांत फार वेळ खातं. घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, धाप असेल तर सोड्याचं पाणी नको, फोन करा. स्कूटरवर मागे बसवून नेऊ नका. महाल-इतवारीतल्या गल्लीत राहत असाल तर चौकात कोण उभं राहील ते ठरवा. रात्रीही अँजिओप्लास्टी (हृदयाची बंद पडलेली रक्तवाहिनी उघडणं) होते असं जवळचं हॉस्पिटल कोणतं, मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलात काय सोय आहे, हे आजच विचारून नंबर भिंतीवर लावा. आणि ज्याला ती लिहून दिलेली नाही, अशा शेजाऱ्याला आपली सॉर्बिट्रेट देऊ नका.

रामटेकच्या गडाच्या पायऱ्या किंवा डिसेंबरच्या थंडीत फुटाळा तलावावर फिरणं, यांनी ज्यांना ठरावीक त्रास होतो त्यांनी आधी गोळी घेऊन निघावं का, हे डॉक्टरांना विचारून ठेवा. सॉर्बिट्रेट अशा वेळी साधारण 15 मिनिटं आधी देतात. कधी, काय करताना दुखलं आणि किती गोळ्या लागल्या, ते वहीत टिपा. दुखणं पूर्वीपेक्षा वारंवार, कमी श्रमाने किंवा बसल्या जागी येऊ लागलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, वही घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा.