मेंदूतल्या स्पेक्ट्रिनवर काम करायचंय? आधी तांबडी पेशी हातात घ्या

बडोद्यात बायोकेमिस्ट्रीला नव्यानं आलेली मुलं भेटली की बहुतेकांचं वाक्य ठरलेलं असतं, "ताई, मला ब्रेनवर काम करायचंय." इच्छा उत्तम आहे. मीही तीच घेऊन एम. एस. युनिव्हर्सिटीत आले होते आणि आज चेतापेशींच्या आवरणाखालच्या प्रथिनांवरच काम करते. पण मी तिथवर पोचले ते तांबड्या पेशीच्या वाटेनं. पेशीच्या आवरणाला आतून आधार देणाऱ्या स्पेक्ट्रिन आणि अँकिरिन या प्रथिनांच्या घराण्यात शिरायचं असेल तर हीच वाट धरावी, असं माझं ठाम मत आहे. मेंदूतल्या या प्रथिनांना आपण आज जे प्रश्न विचारतो, त्यांतले कितीतरी आधी रक्तात विचारून झालेले आहेत.

तांबडी पेशी सात-आठ मायक्रोमीटर रुंद असते. तिला केंद्रक नाही, आत आधार देणाऱ्या मायक्रोट्यूब्यूल नळ्या नाहीत. तरी ती सुमारे १२० दिवस शरीरात फिरते, स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिन्यांतून जाते, प्लीहेतल्या त्याहून बारीक फटींतून अंग चोरून निसटते आणि पुन्हा आपल्या मूळ आकारात येते. हे तिला जमतं ते आवरणाच्या आतल्या अंगाला असलेल्या प्रथिनांच्या जाळीमुळे. अल्फा आणि बीटा स्पेक्ट्रिनच्या लांब साखळ्या शेजारी शेजारी जुळून जोडी होते. अशा दोन जोड्या टोकाला टोक भिडवून टेट्रामर बनतो, तो पूर्ण ताणला तर साधारण २०० नॅनोमीटर भरतो. टेट्रामरची टोकं अॅक्टिन या दुसऱ्या प्रथिनाच्या आखूड तुकड्यांना ४.१ या प्रथिनाच्या मदतीनं बांधलेली असतात. अॅक्टिनच्या एका तुकड्याशी बहुतेक वेळा सहा स्पेक्ट्रिन येऊन मिळतात. ही सगळी जाळी आवरणाला धरून ठेवायचं मोठं काम अँकिरिन करतं. त्याचं एक अंग बीटा स्पेक्ट्रिनला जोडलेलं असतं, तर दुसरं आवरणातल्या बँड ३ या प्रथिनाला.

यातून एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण पुढे सगळं तिच्यावर उभं आहे. या रचनेत उभे सांधे वेगळे आणि आडवे सांधे वेगळे. अँकिरिन, बँड ३ आणि ४.२ हे प्रथिन ही उभी बांधणी. ती ढिली झाली की आवरणाचे तुकडे थोडे थोडे गळतात, पृष्ठभाग कमी होत जातो आणि पेशी गोल होते. हाच आनुवंशिक स्फेरोसायटोसिस. स्पेक्ट्रिनच्या दोन जोड्यांमधला किंवा स्पेक्ट्रिन-अॅक्टिनमधला आडवा सांधा कच्चा असेल तर ताणलेली पेशी पूर्ववत होत नाही, लंबगोल राहते. तो एलिप्टोसायटोसिस. एका पेशीचा आकार पाहून कोणता सांधा बिघडला असेल याचा अंदाज बांधता येतो, ही सोय मेंदूत कुठेही मिळत नाही.

आता प्रत्यक्ष काम. पहिला प्रयोग ऑस्मोटिक फ्रॅजिलिटीचा करा, म्हणजे पाणी आत शिरून फुगल्यावर पेशी कधी फुटते ते पाहायचा. ०.९ टक्क्यांपासून खाली उतरत जाणारी मिठाच्या पाण्याची रांग लावायची, प्रत्येक नळीत थोडं रक्त टाकायचं, थांबायचं, सेंट्रिफ्यूज करायचं आणि फुटलेल्या पेशींतून बाहेर पडलेलं हिमोग्लोबिन मोजायला वरच्या द्रवाचं ५४० नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचं. निरोगी पेशी ०.५ टक्क्याच्या जरा खाली फुटू लागतात आणि ०.३ च्या आसपास जवळजवळ सगळ्या फुटलेल्या असतात. गोल झालेल्या पेशींकडे फुगायला जागाच उरलेली नसते, म्हणून त्या आधी फुटतात. महागडं यंत्र लागत नाही, आणि आलेख काढताना पृष्ठभाग आणि आकारमान यांचं नातं जे डोक्यात बसतं ते पुस्तकानं बसत नाही.

दुसरा प्रयोग घोस्ट, म्हणजे हिमोग्लोबिन काढून टाकलेली पेशीची रिकामी आवरणं, तयार करण्याचा. इथे घाई अजिबात करू नका. आधी रक्त धुताना वरचा पांढरा थर, म्हणजे बफी कोट, निगुतीनं काढा. पांढऱ्या पेशींतले प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं कापणारी एन्झाइम्स, स्पेक्ट्रिन आणि विशेषतः अँकिरिन कुरतडतात. मग बर्फाइतक्या थंड ५ मिलिमोलर फॉस्फेट बफरमध्ये, पीएच ८ ला, पेशी फोडायच्या आणि सुमारे २०,००० जीला फिरवायच्या. नळीच्या तळाशी सैलसर गुलाबी थर बसतो, ते घोस्ट. त्याखाली एक छोटी, घट्ट, चिकट गुंडी असते. नळी तिरपी करून घोस्ट बाजूला सरकवायचे आणि ती गुंडी पिपेटनं ओढून टाकायची, कारण उरलेले प्रोटिएज तिथेच साठलेले असतात. प्रोटोकॉलच्या छापील कागदावर ही ओळ पुष्कळदा नसते. प्रयोगशाळेत मागच्या वर्षीची मुलं पुढच्या मुलांना हातानं दाखवतात तेव्हाच ती कळते, म्हणून सीनियरच्या शेजारी उभं राहून एकदा नीट पाहाच. तीन-चार वेळा धुतलं की थर पांढराशुभ्र होतो.

हे घोस्ट एसडीएस-पेजवर, म्हणजे प्रथिनं आकारमानानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर, चढवले की सर्वांत वर दोन जाड पट्टे दिसतात: अल्फा स्पेक्ट्रिन सुमारे २८० किलोडाल्टन, बीटा २४६. त्यांच्याखाली अँकिरिन. मग बँड ३ चा रुंद, पसरट पट्टा. त्याला साखरेच्या साखळ्या कमीजास्त लागलेल्या असतात, म्हणून तो पसरतो. तुमचं जेल बिघडलंय असं समजू नका. पुढे ४.१, ४.२ आणि बँड ५, म्हणजे अॅक्टिन. ग्लायकोफोरिन हे आवरणातलं प्रथिन मात्र कूमासी या नेहमीच्या रंगात दिसत नाही, त्याला पीएएस स्टेन लागतो. जेलवर जे दिसत नाही ते नमुन्यात नाही असं म्हणायचं नाही, हा धडा या एका जेलमध्ये मिळतो.

आणि मग माझा सर्वांत आवडता प्रयोग. घोस्टमधून स्पेक्ट्रिन काढताना अगदी कमी क्षारांचं बफर वापरतात. ते ४ अंशांवर रात्रभर ठेवलंत तर बहुतांश टेट्रामर मिळतात. ३७ अंशांवर अर्धा तास ठेवलंत तर डायमर, म्हणजे सुट्या जोड्या. प्रथिन तेच, पेशी त्याच, फक्त तापमान वेगळं. तांबड्या पेशीतला तो आडवा सांधा कायमचा घट्ट नाही, तो उघडतो आणि मिटतो, हे तुम्ही स्वतः नेटिव्ह जेलवर, म्हणजे प्रथिनांचे सांधे न तोडणाऱ्या जेलवर, पाहता. हे एकदा पाहिलं की मेंदूकडे जायला तुम्ही तयार आहात असं मी मानते.

कारण मेंदूत तेच घराणं वेगळ्या कामाला लागलेलं आहे. तिथलं अल्फा स्पेक्ट्रिन दुसऱ्या जनुकाचं, अल्फा-२, आणि त्याचा टेट्रामरचा सांधा रक्तातल्यापेक्षा कितीतरी घट्ट. २०१३ साली सुपर-रिझोल्यूशन सूक्ष्मदर्शकाखाली अॅक्सॉनमध्ये, म्हणजे चेतापेशीच्या लांब तंतूमध्ये, अॅक्टिनची वलयं दिसली, एकामागोमाग एक, १८० ते १९० नॅनोमीटरच्या अंतरानं, आणि दोन वलयांच्या मध्ये स्पेक्ट्रिन. मघाची २०० नॅनोमीटरची लांबी आठवा. तांबड्या पेशीत जो टेट्रामर आखडून राहतो तो अॅक्सॉनमध्ये जवळजवळ पूर्ण ताणलेला आहे. मग तो ताण कशासाठी? बीटा स्पेक्ट्रिन नसलेल्या सी. एलेगन्स या सूक्ष्म कृमीचे अॅक्सॉन तो नुसता हलला तरी तुटतात, हे २००७ मध्ये दाखवलं गेलं. कोंबडीच्या भ्रूणातल्या चेतापेशींचे अॅक्सॉन ताणून त्यांचं यांत्रिक वर्तन मोजण्याचं काम आपल्याकडेच, बेंगळुरूच्या रामन रिसर्च इन्स्टिट्यूट आणि पुण्याच्या आयसर यांनी केलं आहे. ते २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. ताण आला की स्पेक्ट्रिनमधल्या तीन हेलिक्सच्या घड्या उलगडतात आणि धक्का जिरतो, असं चित्र त्यातून उभं राहतं. मराठी घरातल्या मुलांना मी हा शोधनिबंध मुद्दाम वाचायला लावते. असं काम करायला परदेशातच जावं लागतं, हा समज त्यानं जातो.

अँकिरिनचंही तसंच. रक्तात ते बँड ३ ला धरतं, चेतापेशीत अँकिरिन-जी अॅक्सॉनच्या सुरुवातीच्या भागात सोडियम चॅनेल एकत्र धरून ठेवतं. तिथूनच विद्युतसंकेत सुरू होतो. १९९८ मध्ये उंदरांच्या लहान मेंदूत अँकिरिन-जी काढून टाकलं तेव्हा ते चॅनेल तिथे जमेनासे झाले. आजारांचं म्हणाल तर बीटा-३ स्पेक्ट्रिनमधल्या बदलांमुळे तोल जाण्याचा एक आनुवंशिक आजार होतो, एससीए५. त्याचं जनुक २००६ मध्ये सापडलं ते ज्या कुटुंबांत, त्यांतलं एक अब्राहम लिंकनच्या आजी-आजोबांचं वंशज आहे.

मेंदूच्या ऊतीवर काम करताना एक सावधगिरी. कॅल्शियम वाढलं की कॅल्पेन हे एन्झाइम जागं होतं आणि अल्फा-२ स्पेक्ट्रिन कापतं. वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे एकच प्रथिन अँटिबॉडीनं शोधणाऱ्या चाचणीत, १५० आणि १४५ किलोडाल्टनचे तुकडे दिसतात, कॅस्पेज-३ या दुसऱ्या एन्झाइमनं कापलं तर १२० चा. मेंदूला इजा झाली की नाही हे ओळखायला हेच तुकडे वापरतात. पण ऊती बर्फावर घ्यायला उशीर झाला तरीही ते दिसतात. ज्यानं बफी कोट आणि ती गुंडी मन लावून काढली आहे, त्याला हे वेगळं समजवावं लागत नाही.

माणसाचं रक्त हाताळायचं तर हिपॅटायटिस बीची लस आधी घ्या. तीन डोस असतात, ०, १ आणि ६ महिन्यांनी, तेव्हा पहिल्या सेमिस्टरलाच सुरुवात करा. एथिक्स कमिटीची मंजुरी आणि देणाऱ्याची लेखी संमती यांशिवाय एक थेंबही नाही, मित्राचं रक्त असलं तरी. इथे गुजरातेत या विषयाला आणखी एक निकड आहे. आपल्या शेजारच्या छोटा उदेपूर, नर्मदा या आदिवासी भागांत सिकलसेलचा प्रश्न मोठा आहे, आणि सिकलसेलमध्ये बिघाड हिमोग्लोबिनचा असला तरी घाव याच आवरणावर बसतो. ज्या पेशी पुन्हा ऑक्सिजन मिळूनही सरळ होत नाहीत त्यांचं कोडं जाळीतच आहे. या कामाला माणसं हवी आहेत.

भाषेबद्दल थोडं. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या आपल्या घरांत मराठी, रस्त्यावर गुजराती, वर्गात इंग्रजी. मी आठवड्याचं काम आत्याला मराठीत सांगायचे. ती विचारायची, "मग ती गोल झालेली पेशी पुढे जाते कुठे?" प्लीहा तिला अडवते आणि नष्ट करते, म्हणून कावीळ आणि पांडुरोग, आणि म्हणूनच काही रुग्णांत प्लीहा काढतात, हे तिला नीट सांगता यावं म्हणून मला तो भाग पुन्हा वाचावा लागायचा. घरात असं विचारणारं कुणी असेल तर त्यांना रोज वेळ द्या.

परीक्षांचं लवकर आटोपते. एम.एस्सी.साठी जॅम किंवा गॅट-बी या प्रवेश परीक्षा, पीएच.डी.साठी सीएसआयआर-यूजीसी नेट, गेट आणि डीबीटीची परीक्षा. जेआरएफ ही संशोधन फेलोशिप जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, त्यापुढच्या एसआरएफला ४२,०००. पण नेटच्या तयारीत प्रयोगशाळा वर्षभर सोडणं मला पटत नाही, हात लवकर विसरतो. थोडं भौतिकशास्त्र मात्र जरूर शिका, निदान स्प्रिंग आणि जाळी यांच्या लवचिकतेपुरतं. प्रतिमा मोजायला फिजी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. अँकिरिन संकुलाच्या २०२२ मध्ये आलेल्या क्रायो-ईएम रचना, म्हणजे गोठवलेल्या नमुन्यावरून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं काढलेल्या, पीडीबी या प्रथिनरचनांच्या संग्रहावर उघड्या आहेत, त्या एखाद्या संध्याकाळी फिरवून पाहा. बँड ३ कुठे आहे आणि अँकिरिन त्याला कसं बिलगतं ते डोळ्यांनी दिसतं.

उन्हाळ्यात दुसऱ्या प्रयोगशाळेत जायचं असेल तर तिन्ही विज्ञान अकादमींची समर फेलोशिप आहे, दोन महिन्यांची. प्राध्यापकांना थेट मेलही करता येते. त्यात स्वतःबद्दल विशेषणं नकोत. त्यांचा एक शोधनिबंध वाचून पडलेला एक प्रश्न लिहा, आणि खाली तुमच्या घोस्टच्या जेलचा फोटो जोडा. प्रत्येक लेनमध्ये काय आहे, किती मायक्रोग्रॅम आहे आणि कोणता पट्टा कोणत्या प्रथिनाचा आहे, हे फोटोवर लिहायला विसरू नका.