मोठ्या जातीचा कुत्रा निवडताना: नाशिककरांसाठी काही कसोट्या

मोठ्या जातीचा कुत्रा पाळण्याचा विचार बहुधा पिल्लाच्या छायाचित्रापासून सुरू होतो आणि चूकही तिथेच होते. दोन महिन्यांचे, ओंजळीत मावणारे लॅब्रॅडॉरचे पिल्लू दीड वर्षात तीस किलोंच्या घरात जाते, रॉटवायलरचा नर पन्नास किलोंच्या आसपास भरतो आणि ग्रेट डेन साठ किलो सहज ओलांडतो. म्हणून निवड पिल्लाची न करता पूर्ण वाढलेल्या कुत्र्याची करावी. पहिली कसोटी अशी की, समोरून मांजर आडवे गेले असता त्याला रोज फिरवणाऱ्या व्यक्तीला पट्टा धरून ठेवता येईल का. मुले परीक्षेत आणि त्यांचे आईवडील नोकरीत गुंतले की तो पट्टा अनेक घरांत आजोबांच्या हाती येतो, तेव्हा जात ठरवताना त्यांचे मत आधी विचारावे.

दुसरी कसोटी घराची. इंदिरानगर किंवा पाथर्डी फाट्याकडील सदनिकेतही लॅब्रॅडॉर सुखाने राहतो, कारण त्याला अंगणापेक्षा माणसांची सोबत आणि दिवसातून दोन वेळा चांगला फेरफटका अधिक हवा असतो. खरी अडचण मजल्याची आहे. म्हातारपणी मागचे पाय अधू झालेल्या साठ किलोंच्या कुत्र्याला लिफ्ट बंद असताना तिसऱ्या मजल्यावरून खाली कोण उतरवणार आणि त्याला दवाखान्यात न्यायला कोणता रिक्षावाला तयार होणार, याचे उत्तर आजच शोधून ठेवावे. ग्रेट डेनचे आयुष्य साधारण सात ते दहा वर्षांचे असल्याने ही वेळ अपेक्षेपेक्षा लवकर येते.

तिसरी कसोटी हवामानाची, आणि येथे नाशिककरांची हमखास फसगत होते. आपल्याकडची हवा थंड असल्याचे आपण अभिमानाने सांगतो आणि हिवाळ्यात निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्याही वाचतो, परंतु एप्रिल-मे महिन्यांत हेच शहर चाळीस अंशांच्या आसपास तापते. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. शरीरातील उष्णता तो मुख्यतः धापा टाकून बाहेर टाकतो. आल्प्सच्या बर्फात घडलेला सेंट बर्नार्ड किंवा सायबेरियात गाडी ओढणारा हस्की येथे आणणे म्हणजे त्याला उन्हाळाभर वातानुकूलित खोलीत कोंडून ठेवणे होय. ही हौस मला तरी समर्थनीय वाटत नाही. कोणत्याही जातीच्या कुत्र्याला उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आणि सूर्यास्तानंतरच फिरवावे. डांबरी रस्त्यावर आपल्या हाताची मागची बाजू काही सेकंद टेकवता येत नसेल, तर त्याचे पंजेही तेथे पोळतात.

मग उरते कोण? प्रथमच कुत्रा पाळणाऱ्या कुटुंबाला मी लॅब्रॅडॉरची मादी सुचवीन. ती नराहून थोडी हलकी असते, मात्र या जातीची भूक अनावर असल्याने वजनावर कायम लक्ष ठेवावे लागते. जर्मन शेफर्ड बुद्धिमान आणि राखणदार खरा, पण रोजचे प्रशिक्षण देण्याइतका वेळ नसेल तर तो कंटाळून घर डोक्यावर घेतो. दिंडोरी किंवा निफाडकडे मळ्यात राहणाऱ्यांनी कारवान (यालाच मुधोळ असेही म्हणतात) या देशी जातीचा अवश्य विचार करावा. ही जात शिकारीची असल्याने तिला धावायला भरपूर जागा लागते. ती सडपातळ, आखूड केसांची आणि आपले ऊन सोसणारी आहे, परंतु अनोळखी माणसाने अंगाला हात लावलेला तिला खपत नाही. रॉटवायलर अनुभवी माणसानेच पाळावा. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने राज्यांना पाठवलेल्या 23 ‘धोकादायक’ जातींच्या यादीत त्याचेही नाव होते. ते परिपत्रक कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये रद्द ठरवले, तरी शेजाऱ्यांच्या मनातली धास्ती न्यायालयाच्या आदेशाने जात नाही.

जात ठरल्यावर पिल्लू पाहायला ब्रीडरच्या घरी जावे आणि पिल्लाआधी त्याची आई पाहावी; ती बुजरी किंवा चिडकी असेल, तर पिल्लू कितीही गोंडस असले तरी परत फिरावे. 2017 च्या श्वानप्रजनन नियमांनुसार ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. केनेल क्लबचा, म्हणजे जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचा, कागद वंशावळ सांगतो, आरोग्य नव्हे. मोठ्या जातींमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष आनुवंशिक असतो, म्हणून आईवडिलांच्या खुब्याचे एक्स-रे काढले आहेत का, हे स्पष्ट विचारावे. पिल्लू घरी आल्यावर लसीकरण वेळेत करून महापालिकेचा परवानाही काढून घ्यावा.

पहिल्या वर्षात सर्वाधिक नुकसान प्रेमापोटी होते. हाडे मजबूत व्हावीत म्हणून कॅल्शियमचे औषध पाजण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, पण मोठ्या जातीच्या लहान पिल्लाचे शरीर जादा कॅल्शियम आतड्यातच अडवू शकत नाही आणि हाडांची वाढ उलट बिघडते. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठी बनवलेले खाद्य दिल्यास वेगळ्या कॅल्शियमची गरज नसते. गुळगुळीत फरशीवर पाय घसरू नयेत म्हणून त्याच्या वावराच्या जागी सतरंजी किंवा रबरी चटई अंथरावी. जिल्ह्याची दोन लाडकी पिके मात्र त्याच्यापासून कायम दूर ठेवावीत: द्राक्षे आणि बेदाणे यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते, तर कांद्याने, तो कच्चा असो वा रश्श्यात शिजलेला, रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. मळ्यात गळून पडलेले मणी त्याने खाल्ल्याचे दिसल्यास लक्षणांची वाट न पाहता त्याला तडक पशुवैद्यकाकडे न्यावे.