बोधचिन्हाची मापे ठरवताना

बोधचिन्ह रेखाटताना सर्वप्रथम एक मूळ एकक ठरवावे; देवनागरी अक्षरावर आधारित चिन्हात शिरोरेषेची जाडी हे त्यासाठी सर्वांत सोयीचे माप असते, कारण दंड (अक्षराची उभी रेषा), गाठी आणि अक्षरांमधील मोकळी जागा तिच्याच पटीत मांडता येते. वर्तुळांच्या व्यासांसाठी 5, 8, 13, 21 ही फिबोनाची क्रमातील (ज्यात प्रत्येक संख्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज असते) मापे घ्यावीत, म्हणजे लगतच्या दोन मापांचे प्रमाण सुवर्ण गुणोत्तराच्या, अर्थात सुमारे 1.618 च्या, जवळ राहते. तयार चिन्हावर मागाहून वर्तुळे काढून दाखवणे हा मात्र निव्वळ देखावा होय.

गणितानंतर डोळ्यांचे ऐकावे. समान उंचीच्या चौरसाशेजारी वर्तुळ लहान भासते, म्हणून ते वर-खाली किंचित वाढवावे लागते. वर्तुळात समभुज त्रिकोण बसवताना त्याच्या उंचीचा मध्य न धरता मध्यगासंपात, म्हणजे तिन्ही मध्यगा जिथे छेदतात तो बिंदू, वर्तुळकेंद्रावर आणावा. हा बिंदू पायापासून उंचीच्या एक-तृतीयांश अंतरावर असतो.

चिन्ह 16 पिक्सेल उंचीवर अवश्य तपासावे. उंची 21 एकके असल्यास एका एककाला पुरता एक पिक्सेलही मिळत नाही आणि शिरोरेषा पुसट होते. अशा वापरासाठी 8 एककांची सुटसुटीत आवृत्ती वेगळी काढावी, जिच्यात रेषेला नेमके 2 पिक्सेल मिळतात.